शेवटची सोळा पानं

माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत एका कादंबरीची शेवटची सोळा पानं आहेत. ती माझी नव्हेत. ज्याची होती त्याच्याकडे ती पोचवायला निघायलाच मला पंधराएक वर्षं लागली, आणि पोचवायला गेलो तो तशीच खिशात घेऊन परत आलो. मुलगा म्हणतो, बाबा, घाला ती रद्दीत. त्याला काय सांगणार, कपाळ!

कादंबरी काऊबॉयची. मूळ अमेरिकेतली, कुणीतरी मुंबईत बसून मराठीत उतरवलेली, शर्टाच्या खिशात मावेल एवढी. वर टोपीवाला माणूस, घोडा आणि पिस्तूल. म्हापशाच्या बसस्टँडवर अशा पुस्तकांची थप्पी लागलेली असायची. शिकलेले लोक नाक मुरडायचे. मुरडोत बापडे. डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवणाऱ्या आम्हा लोकांना त्यातलं काहीच परकं वाटत नसे. एकाच रस्त्याचं गाव, नाकातोंडात जाणारी धूळ, दारूचं दुकान, डोंगर फोडून गब्बर झालेले मालक आणि कुठून कुठून पोटासाठी आलेले पुरुष. आमच्याकडे धूळ तांबडी होती आणि घोड्याऐवजी ट्रक होता, एवढाच फरक.

मी सावंतवाडीच्या पलीकडला. बायको आणि मुलगा गावी, मी डिचोलीत चौघांबरोबर भाड्याच्या एका खोलीत. चार माणसांत राहूनही माणूस एकटा पडतो हे मला तिथं कळलं. पाळ्या वेगळ्या, जेवणं वेगळी. कुणी कुणाला तापात पाणी विचारलं तरी नवल. पुस्तकातला घोडेस्वारही एकटाच असायचा, पण त्याला त्याची लाज वाटत नसे. मला वाटायची. म्हणून मला तो माणूस आवडायचा. खरं सांगायचं तर अजून आवडतो.

आमची वाचायची एक पद्धत होती. खाणीवर लोडरपुढे ट्रकांची रांग लागायची, दोन-दोन तास हलायची नाही. पुस्तक एक आणि वाचणारे बरेच. मग आम्ही पुस्तकाची शिवण उसवायचो. सोळा-सोळा पानांची एकेक जुडी सुटी व्हायची. पहिल्यानं पहिली जुडी वाचली की खाली उतरून मागच्या ट्रकच्या खिडकीतून द्यायची आणि आपण दुसरी उघडायची. अशी गोष्ट रांगेत पुढून मागे सरकत जायची. ट्रकांचे नंबर ठरलेले. माझ्या मागे कायम एकच ट्रक, आणि त्यावर जवळच्या मये गावचा एक ड्रायव्हर. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, तोंडाळ, पण मनाचा साफ. माझी वाचून झालेली जुडी तो वाचायचा. मी त्याच्यापेक्षा सोळा पानं शहाणा, असं तो म्हणायचा.

पानांबरोबर गप्पा यायच्या. "त्या शेरीफाक बुद्धी ना मरे," असं म्हणत तो माझ्या खिडकीशी यायचा आणि अर्धा उंडो, म्हणजे गोल पाव, माझ्या हातावर ठेवायचा. दिवसभरात माझं नाव घेऊन हाक मारणारा तेवढा एकच माणूस होता. मित्र म्हणायला दुसरा कोण होता मला?

मग भाषेचा वाद पेटला. कोंकणी राजभाषा की मराठी, यावरून घराघरांत तोंडं फिरली. रस्ते अडवले, दगड पडले, ट्रक उभे राहिले. हा कोंकणीवाला. मी मराठीवाला. गंमत म्हणजे वाचायचा तो मराठीच. मी एकदा तसं म्हणालो तर म्हणतो, "मराठी वाचूंक बरी. पूण आवयकडेन उलयतां ती कोंकणी." वाचायला मराठी, आईशी बोलायला कोंकणी; तिथवर ठीक होतं. पण एकदा चहाच्या दुकानात, पाच-सहा जणांसमोर, शब्दाला शब्द लागला आणि तो म्हणाला, "तूं भायलो. आमचे भाशेचें आमी पळयतले."

भायलो. बाहेरचा. त्यांच्या भाषेत मी नाक खुपसायचं नाही. बारा वर्षं मी तिथली धूळ खाल्ली होती. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर हसण्यावारी नेलं असतं. लोक काय, म्हणतच होते. पण त्यानं म्हटलं ते काळजात गेलं. मी चहा अर्धा टाकून उठलो आणि कानाला खडा लावला.

तेव्हा रांगेत एक नवी कादंबरी चालू होती. बोलणं बंद झालं तरी जुड्या बंद झाल्या नाहीत, कारण पद्धत ती पद्धत. मी उतरायचो, न बघता खिडकीतून पानं आत टाकायचो, परत फिरायचो. सातवी जुडी संपते तिथे गुंडांचा निकाल लागलेला आहे, घोडेस्वारानं घोड्यावर खोगीर चढवलंय, आणि खानावळ चालवणारी एक म्हातारी त्याच्या वाटेत आडवी उभी आहे. राहा म्हणते.

आठवी, शेवटची जुडी मी वाचली आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. खाली उतरलोच नाही.

थोड्या वेळानं तो स्वतः आला. इतक्या दिवसांनी आपण होऊन आला, हे आज कळतं. तेव्हा फक्त राग कळत होता. खिडकीच्या दांडीवर हात ठेवून हळूच म्हणाला, "रावलो काय गेलो?" घोडेस्वार राहिला की गेला, एवढंच त्याला हवं होतं.

"मी भायला माणूस," मी म्हणालो. "मला काय ठाऊक? जुडी वाऱ्यानं उडाली."

वारा नव्हता. पानही हलत नव्हतं. त्यानं माझ्या खिशाकडे पाहिलं, मान हलवली आणि परत गेला. त्यानंतर त्यानं विचारलं नाही आणि मी दिली नाही. उद्या देऊ, परवा देऊ, असं करत राहिलो. जित्याची खोड, दुसरं काय!

पुढे कोंकणी राजभाषा झाली, गोवा राज्य झालं, पेढे वाटले गेले. पावसात खाणी बंद असतात, त्या चार महिन्यांत त्याच्या मालकानं ट्रक विकला आणि तो मयेला घरी बसला. पावसानंतर रांग लागली तेव्हा आरशात मागे दुसराच ट्रक होता. मी कितीतरी दिवस आरशात बघत राहिलो. सायकलनं अर्ध्या तासावर मये. मी गेलो नाही. भायलो माणूस कुठल्या तोंडानं जाणार, असं स्वतःला सांगायचो. खोटं. मला माझ्या खिशाची लाज वाटत होती.

मुलगा मोठा होऊन तुयेच्या कारखान्यात लागला. पेडण्यात भाड्यानं घर घेतलं, डिचोलीची खोली सोडली. ट्रंक आवरताना ती जुडी हाताला लागली. तोवर मुलाची आई राहिली नव्हती आणि मलाही दुपारी बोलायला कुणी उरलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी बस धरून मयेला गेलो. विचारत विचारत घर सापडलं.

भिंतीवर त्याचा फोटो होता, फोटोला हार होता. तो जाऊन दोन वर्षं झाली होती.

त्याच्या बायकोनं पाणी आणलं. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाली, "म्हणजे फुडल्या ट्रकाचे? पुस्तकां दिवपी?" पुस्तकं देणारा तो मीच, म्हणून मी मान हलवली. ती पदरानं हात पुसत खाली बसली. म्हणाली, घोडेस्वाराची एक गोष्ट ते मुलांना सदा सांगायचे, मग नातवंडांना. तो जायला निघतो, म्हातारी वाट अडवते. "गांवच्यांनी ताका वचूंक दिलो ना. घर बांदून दिलें. तो थंयचोच जालो." गावानं त्याला जाऊ दिलं नाही, तो तिथलाच झाला. मग माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "पुस्तकांत तशेंच आसलें न्हय, भाऊ?"

माझा हात खिशावर होता. त्या सोळा पानांत तो म्हातारीला टोपी काढून नमस्कार करतो आणि निघून जातो. मागे वळून बघतसुद्धा नाही.

"होय वहिनी," मी म्हणालो. "तसंच होतं."

आणि जायला उठलो. ती उठून दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "जेवले बगर हांव तुमकां वचूंक दिवची ना."

मी परत बसलो. तिनं ताट वाढलं. माशांची कढी होती. मी खाली मान घालून जेवलो.