सासूबाईंचा जागल्या

मी नांदेडची. टापटिपीचा तोरा माहेरूनच घेऊन आले. लातुरातलं आमचं घर म्हणजे खाली दोन खोल्या नि स्वयंपाकघर आणि वर पत्र्याच्या दोन खोल्या. वरच्या खोल्या आम्ही क्लासला येणाऱ्या पोरांना भाड्यानं द्यायचो. भूकंपाला पाच-सहा वर्षं झाली होती आणि लातुरात क्लासचं पेव फुटलं होतं. मुखेड-अहमदपूरकडचे आईबाप ट्रंक, गादी आणि पोरगं घेऊन दारात उभे राहायचे. पोराची खोली बघायच्या आधी ते आमची बैठकीची खोली बघायचे. आयांची नजर तर भिंतीवरून फिरत थेट कोपऱ्यातल्या जाळ्यापर्यंत जायची. ज्या बाईचं घर नीटनेटकं, तिच्याकडं पोरगं नीट राहील, असं त्यांना वाटायचं.

म्हणून मी घराच्या मागं लागले. पैसे नव्हतेच, पण हौस दांडगी. जुन्या इरकली लुगड्याचे पडदे केले. पोत्याला काठ शिवून बैठका केल्या. गल्लीतल्या गादीवाल्या चाची उरलेले छिटाचे तुकडे द्यायच्या, त्यांचे अभ्रे झाले. तुरीच्या वाळक्या काड्या, तुराट्या, सोलून, सारख्या कापून, दोऱ्यानं ओवून मी दिव्याला टोपी केली, तेव्हा तर मी दिवसभर स्वतःवरच खूष होते. आलेला पाहुणा म्हणायचा, केवढ्याला आणली? मी हसून विषय बदलायची.

एवढ्या सगळ्यात एकच कोपरा माझ्या डोळ्यांत सलायचा. तो सासूबाईंचा होता.

औशाच्या पुढं त्यांचं गाव. भूकंपात सासरे आणि धाकटी नणंद दगडी भिंतीखाली गेले. सासूबाई पाणी प्यायला उठून अंगणात आल्या होत्या, म्हणून राहिल्या. त्यानंतर पाच वर्षं त्या छपराखाली झोपल्या नाहीत. सरकारनं नव्या गावात पक्कं घर दिलं, तरी बाज बाहेरच. थंडीत खोकून खोकून बेजार व्हायच्या. यांनी हातापाया पडून आईला लातुरात आणलं, तेव्हा त्यांनी एकच अट घातली. बैठकीच्या खोलीत, आपल्या उशाशी, त्यांनी परात पालथी घातली. परातीवर पालथी वाटी, वाटीवर तांब्या, तांब्यावर पेला आणि पेल्याच्या तोंडावर आडवा चमचा. सगळं मुद्दाम डुगडुगतं. भूकंपानंतर तिकडं घरोघर असंच करायचे, जमीन जराशी हलली की भांडी खणाखणा पडावीत म्हणून.

"ह्यो माझा जागल्या," त्या म्हणाल्या. "गावात जागल्या जागा असला की बाकीच्यांनी झोपावं. ह्यो हाय म्हनून मी आत झोपती, पोरी. न्हाईतर न्हाई."

आणि खरंच त्या झोपायला लागल्या. त्यांचा खोकला गेला. यांचा चेहरा उजळला.

पण तो जागल्या दिवसातून चारदा वाजायचा. पोरं जिना धडधडत उतरली की चमचा पडायचा. पाण्याचा टँकर गल्लीत शिरला की पेला. एकदा अहमदपूरची एक आई खोली बघायला आलेली असताना सगळंच्या सगळं तिच्या पायाशी कोसळलं. ती दचकली, मग हसली, आणि माझ्या पडद्यांकडं न बघताच निघून गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला तो जागल्या काय आहे ते पुरतं माहीत होतं, हे मी आधीच सांगते. अडाणीपणानं केलं असं म्हणायची सोय मला नाही. मला वाटलं, भूकंप होऊन गेला, आता काय!

संक्रांतीला सासूबाई गावी गेल्या, तेव्हा मी नळाची गळती बुजवायचा, दोन पुड्या एकत्र मळून लावायचा तो मसाला घेतला आणि भांडी एकावर एक पक्की चिकटवली. पितळ चिंचेनं घासून लखलखीत केलं. पेल्यात जोंधळ्याची वाळलेली कणसं उभी केली आणि चमचाही बाजूनं तिरका चिकटवला. बिनपैशाची शोभेची वस्तू. इतकी देखणी की दिव्याची टोपी फिकी पडली.

सासूबाई आल्या. कोपऱ्यात बघितलं आणि मनापासून हसल्या.

"अगं बया! माझ्या जागल्याला फेटाच बांधलास की!"

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्या इतक्या खूष होत्या की मला वाटलं, सांगू सावकाश. मग रोज वाटायचं, उद्या सांगू. जागल्या वाजत नाही तो मी पोरांना जिना हळू उतरायला बजावलं म्हणून, असं त्या धरून चालल्या होत्या. रात्री अंथरुणावर पडण्याआधी त्या त्याच्याकडं एकदा बघायच्या आणि कूस वळवायच्या. मी ते रोज बघत होते.

होळी झाल्यावरची दुपार. टँकर आला. स्वयंपाकघरात मांडणीवरची ताटं थरथरली. सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या, त्यांचा हात थांबला. त्या उठल्या, कोपऱ्यात गेल्या आणि दोन बोटांनी पेला उचलला. पेल्याबरोबर तांब्या उचलला गेला, वाटी उचलली गेली आणि खालची परातसुद्धा. ते सगळं धूड हातात धरून त्या उभ्या राहिल्या. कणसांचे दाणे फरशीवर सांडले.

"कवापासून?"

"संक्रांतीपासून, आत्याबाई."

त्यांनी ते धूड अलगद खाली ठेवलं. मग अगदी हळू, रागानं नव्हे, खरंच कळून घ्यायचंय अशा आवाजात त्यांनी विचारलं, "मग एवढे दिस जागं कोन होतं गं?"

 

मी म्हटलं, दुसरी भांडी रचून देते. आत्ता रचते. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, भांडी रचता येतील गं. त्या रात्री त्यांनी बाज अंगणात काढली, आणि सकाळी औशाच्या गाडीत बसल्या. स्टँडवर यांनी किती विनवण्या केल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, आणि मुलाला म्हणाल्या, "सूनबाईनं लई जीव लावला. मलाच शहर मानवंना, बाबा."

पुढची थंडी त्यांनी गावात, बाहेरच्या बाजेवर काढली. छातीत कफ साठला. आम्ही पोहोचलो तेव्हा बोलणं बंद झालं होतं.

त्याला खूप वर्षं झाली. आता वरच्या पत्र्याच्या खोल्या जाऊन आमचं घर पक्कं दुमजली झालं आहे. आईचा विषय निघाला की हे आल्यागेल्याला सांगतात, "मायला शहर मानवलंच नाही. नाहीतर हिनं तिच्यासाठी काय कमी केलं? घर कसं सजवलं होतं!" पाहुणे कौतुकानं माझ्याकडं बघतात, आणि मी गप्प बसते.