बिनलेबलाच्या बाटल्या

सासूबाई दुपारी जरा आडव्या झाल्या, तेवढ्यात जावयाने त्यांच्या दुकानातल्या झाडून सगळ्या बाटल्यांची लेबलं काढली. गरम पाण्यात बुडवून, नखांनी खरवडून, वर फडक्याने लखलखीत पुसून. हेतू अगदी चांगला होता. मोठा घोटाळा व्हायचा असला की हेतू बहुतेक चांगलाच असतो.

दुकान साबणाचं. भिंतीलगत तोट्यांची पिंपं ओळीने मांडलेली. कपड्यांचा साबण, भांड्यांचा, फरशीचा. सकाळी कामावर जाताना गिऱ्हाइकाने रिकामी बाटली ठेवायची आणि संध्याकाळी भरलेली न्यायची. सासूबाईंना गल्ली साबणकाकू म्हणे. काकूंनी कधी कुणाचं नाव लिहून ठेवलं नाही. सरबताची बाटली शिंपीणबाईंची, तिच्यात कपड्यांचा. व्हिनेगरची हेडमास्तरांची, तिच्यात भांड्यांचा. लेबल पाहिलं की हात आपोआप त्या तोटीकडे जाई.

जावई चार दिवस सुट्टीवर आला होता. पर्यावरणाचं वेड त्याला नवंनवंच लागलेलं, आणि नव्या चष्म्यातून जग बघावं तसा तो घरभर बघत हिंडत होता. लोक इथे पृथ्वीच्या काळजीपोटी येतात, मग दुकान कसं देखणं हवं, असं त्याचं सकाळपासून चाललं होतं.

काकू उठून दुकानात आल्या. चकचकीत रांगेकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"यातली हेडमास्तरांची कुठली?"

"आता सगळ्या सारख्याच दिसतात, आई," जावई कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला.

"तेच विचारतेय."

मग त्या स्टुलावर बसल्या. "समोर नवं दुकान झालंय, जावईबापू. तयार पाकिटं, एकावर एक फुकट. आज जो रस्ता ओलांडेल, तो परत कशाला येईल?"

जावयाचे कान तापले. याच तोट्यांवर त्याची बायको लहानाची मोठी झाली होती, आणि काकूंची चूल अजून त्यांच्यावरच पेटत होती. पृथ्वी वाचवता वाचवता आपण सासूबाईंना बुडवलं, हे त्याला आत्ता कुठे उमगलं.

संध्याकाळी पहिले आले हेडमास्तर.

"मी माझीच बाटली नेणार. दुसऱ्याच्या बाटलीत काय राहिलं असेल, कुणी सांगावं?"

"मी स्वतः धुतल्यात, सर."

"म्हणूनच म्हणतो."

हेडमास्तर तरातरा समोरच्या दुकानात गेले आणि काखोटीला पाकीट मारून बाहेर पडले. जाताना त्यांनी इकडे पाहिलं नाही. काकूंनीही पिंपावरचा नसलेला डाग पुसायला घेतला.

इतक्यात शिंपीणबाई आल्या. त्याही रांगेपुढे थबकल्या. काकूंनी क्षणभर विचार केला आणि हाताला आली ती बाटली कपड्यांच्या साबणाच्या तोटीखाली धरली.

"ही घे. आजपासून बाटली दुकानाची, साबण तुझा. संपला की कुठलीही रिकामी आण आणि भरलेली उचल."

"म्हणजे संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही?"

"कशाला थांबतेस?"

"मग हे आधी का नाही केलंत हो?"

"जावईबापूंमुळे सुचलं," काकू त्याच्याकडे बघत म्हणाल्या. हा त्यांचा मोठेपणा.

शिंपीणबाईंच्या कानी पडलेली गोष्ट कपड्यांच्या आधी घरोघर पोचते. दुसऱ्या दिवसापासून भर दुपारीही माणसं येऊ लागली. जावयाने रजा वाढवली आणि मुकाट्याने बाटल्या धुवायला बसला. येणाऱ्या प्रत्येकाला तो मनातल्या मनात पृथ्वीचा कैवारी ठरवत होता. त्यातल्या एकाने 'बरं झालं, खेप वाचली' एवढंच म्हटलं, तेव्हा तो जरा खट्टू झाला.

पुढच्या आठवड्यात हेडमास्तर आले. हातात तेच पाकीट, रिकामं, कोपरा कात्रीने कापलेलं.

"तळाला बराच साबण अडकून बसतो हो," ते पिंपाकडे बघत म्हणाले. "काढायला गेलो तर बाहीवर सगळा. आणि हे टाकायचं कुठे? हिने विचारलंय, यातच भरून मिळेल का?"

काकूंनी पाकिटाचं तोंड दोन बोटांनी फाकवलं आणि तोटी सोडली. जावयाला राहवेना. हेडमास्तर पायरी उतरून जाईपर्यंत त्याने कसाबसा दम धरला.

"आई, समोरच्याचं पाकीट, तेही प्लॅस्टिकचं, आपण भरून द्यायचं? मग लोकांना जाणीव कधी व्हायची?"

काकूंनी अजून ठिबकणारी तोटी घट्ट पिळली.

"जाणीव होईल तिच्या सवडीने, तोवर त्यांची भांडी काय खरकटी ठेवू?"