चुलीपाशी गाडी फुल

आमच्या घरी भात अजूनही चुलीवरच शिजते. वहिनी त्याची उकळती पेज खाली ठेवलेल्या गंजात, म्हंजे मोठ्या पातेल्यात, ओतून पसवते. माही पुतणी तेव्हा नुकतीच धावाले लागली होती, अन् तिले त्या गंजाकडंच धावाचं राहे. "जाऊ नको" म्हटलं का हसे अन् आणखी जोरात पळे.

ती ऐके फक्त एकाच माणसाचं, ब्रह्मपुरीच्या बसमधल्या कंडक्टरचं. तो नाकातून वरडला का आईच्या मांडीवर एकदम चूप बसे.

एका सकाळी वहिनी पेज पसवून राह्यली होती अन् पोरगी सुटली. वहिनीच्या दोन्ही हातात तापलेलं भांडं, सोडता येईना. मी अंगणातूनच नाकातला आवाज काढला, "ओ बाई, मांगं सरका! गाडी फुल झाली!"

पोरगी थांबली. अन् खरंच मांगं सरकली.

वहिनीनं भांडं खाली टेकवलं. "भाऊजी, तुमी कॉलेजात गेले का मंग कोण वरडन?"

हे मात्र बरोबर होतं. त्याच दिवशी आमी रांधणखोलीच्या दारात बाज आडवी लावून पक्की बांधली. पेज थंडी होऊन उचलेपर्यंत ती सोडाची नाई, असं ठरलं.

आता पुतणी बाजेच्या बाहेर उभी राहून ड्युटी करते. काल आबा चहा मांगाले आले, तं तिनं नाकातून सांगतलं, "मांगं थलका! गाली फुल!"

"अवो, मी तुहा आजा आहो!"

"फुल!"

आबा गुपचूप अंगणात जाऊन बसले. चहा वहिनीनं बाजेवरूनच दिला.