गाळलेलं पान

माझ्या नणंदेला घरात सगळे धाकटी म्हणतात. कानशिलावरचे केस पांढरे झाले, चष्मा लागला, तरी ती धाकटीच. तिला मनात वाचायची सवय नव्हती. वर्तमानपत्र असो, औषधाची बाटली असो नाहीतर दुकानाची पाटी, ती मोठ्याने वाचायची. लोक वळून बघायचे. तिच्या ते लक्षातही यायचं नाही, कारण लहानपणापासून ती वाचत आली ती दुसऱ्यासाठी. तो दुसरा म्हणजे तिचा दादा, आमचे हे.

हे जन्मापासून आंधळे. एका मोठ्या कचेरीत टेलिफोनवर बसतात. शाळेपासून ह्यांचे पेपर धाकटीनेच लिहिले. हे सांगायचे, ती लिहायची. पण परीक्षेचा नियम असा, की लिहिणारा हा परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी शिकलेला हवा, म्हणजे तो पदरचं काही घालणार नाही. नियम चांगलाच आहे. त्यापायी धाकटी मात्र बारावीला थांबली ती थांबलीच. नोकरी सांभाळून ह्यांनी बी.ए. करायला घेतलं आणि एकेक विषय सोडवण्यात वर्षं गेली. मध्ये एकदा लिहायला दुसरा माणूस घेऊन पाहिला. त्याला ह्यांच्या बोलण्याचा वेग झेपेना. पेपर अर्धा राहिला आणि हे नापास झाले.

"जाऊ दे दादा, मी आहे ना," धाकटी म्हणाली.

शिकायचं तिलाही होतं. बोलून दाखवायची नाही. शर्टांच्या कारखान्यात ती काजं-बटणं करते. संध्याकाळी तिथून घरी येताना मात्र ती कॉलेजवरून यायची. तो रस्ता लांबचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "तिकडे सावली असते, वहिनी." संध्याकाळी कसली आली सावली? 

शेवटचा एकच विषय उरला होता. तीन-चारशे वर्षांपूर्वी विज्ञान कसं उभं राहिलं आणि त्या काळचे तत्त्वज्ञ काय म्हणत होते, त्याचा इतिहास. हा सुटला की हे पदवीधर आणि धाकटी मोकळी. देवाजवळ मी तेवढंच मागत होते.

रोज कामावरून आली की पाय धुऊन ती ह्यांच्यासमोर पुस्तक घेऊन बसायची. मी जवळच काहीतरी निवडत बसायची. परदेशातली ती नावं तिच्या जिभेवर वळायची नाहीत, म्हणून तिने सगळ्यांना आपली नावं ठेवली होती. दुर्बिणीतून चंद्र बघणारे ते दुर्बिणवाले. आणि जे दिसतं, जे ऐकू येतं, त्या सगळ्यावर संशय घेणारे ते शंकेखोर.

"सगळ्यावरच शंका घेतली, तर तो जेवायचा कसा?" मी विचारलं.

"आधी जेवत असेल, मग शंका घेत असेल," हे म्हणाले.

"म्हणजे तुझ्यासारखाच," धाकटी म्हणाली. "दादा, हसू नकोस. दुर्बिणवाल्यांनी चंद्रावर काय पाहिलं, सांग."

"डोंगर. सावलीच्या लांबीवरून उंची काढली." सावली म्हणजे काय ते ह्यांनी कधी पाहिलेलं नाही. पण एकदा ऐकलेलं हे विसरत नाहीत.

एके संध्याकाळी वाचता वाचता ती थांबली. ओळींवरून तिचे डोळे भरभर खाली गेले. मग तिने दोन पानं एकदम उलटली आणि पुढलं वाचायला लागली. आवाजात काही फरक नाही. हे ऐकत राहिले.

नंतर भांडी विसळताना मी हळूच विचारलं, "काय गाळलंस?"

तिने नळ मोठा सोडला आणि मग सांगितलं. त्या काळी एकाने तत्त्वज्ञांना एक कोडं घातलं होतं. जन्मापासून आंधळा माणूस आहे, चेंडू कुठला आणि ठोकळा कुठला हे तो हाताने ओळखतो. एके दिवशी त्याला दृष्टी आली. आता हात न लावता, नुसतं बघून तो सांगू शकेल का?

"मग? काय म्हणाले ते?"

"बहुतेक म्हणाले, नाही सांगू शकणार. वहिनी, हे मी त्याच्या तोंडावर कसं वाचू? त्याला दृष्टी दिली काय, चेंडू ओळखता येत नाही म्हटलं काय. लोकांना खेळायला दुसरं कुणी मिळालं नाही का?"

मला तिचं पटलं. मीही तेच केलं असतं.

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. शेवटचा, सगळ्यांत जास्त गुणांचा आणि दुसरा पर्याय नाही.

पुढचं मला धाकटीने सांगितलं. ह्यांना वेगळी खोली दिली होती. हे दोघं आणि खिडकीशी बसलेल्या एक देखरेखीच्या बाई. धाकटीने प्रश्न वाचला. ह्यांनी नकारार्थी मान हलवली. तिने पुन्हा वाचला. उत्तर तिच्या अगदी ओठांवर होतं. कोणी कोडं घातलं, कोण काय म्हणालं, सगळं. बाई पेंगत होत्या. चार ओळी तिने आपल्या मनाने लिहिल्या असत्या, तर बाईंना कळलं नसतं, आणि ह्यांना तर कधीच नाही. न लिहिल्या तर कदाचित आणखी एक वर्ष. तिचंही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. पेन खाली ठेवलं आणि देवाचं नाव घेतलं. तुमचीच सवय."

थोड्या वेळाने हे म्हणाले, "लिही. विद्वानांनी यावर काय म्हटलं ते मला माहीत नाही. पण ज्याच्याबद्दल हा प्रश्न आहे तो माणूस मीच आहे, तेव्हा माझं म्हणणं ऐकून घ्यावं. मला ओळखता येणार नाही. चेंडू गोल दिसतो म्हणतात. माझ्या लेखी तो तळहातात बसतो, आणि ठोकळा टोचतो. टोचणं दिसतं कसं, हे मला कोण सांगणार? माझ्या घरात दोन बायका आहेत. त्या दारात येऊन गप्प उभ्या राहिल्या, तर बायको कोण आणि बहीण कोण, हे मला सांगता येणार नाही. मी डोळे मिटेन, हात लावेन, मग डोळे उघडेन. असं बरेच दिवस करावं लागेल. पण करायला आवडेल."

शेवटचं वाक्य लिहिताना अक्षर बिघडलं, असं ती म्हणाली.

हे त्या पेपरात काठावर पास झाले. निकाल कळला तेव्हा धाकटी कारखान्यात होती. घरी येऊन तिने ह्यांची पाठ थोपटली, चहा घेतला आणि म्हणाली, "दादा, आता मी कॉलेजात नाव घालते."

"अजून घातलं नाहीस?" हे म्हणाले.

आता तीही त्याच विषयापाशी आली आहे. संध्याकाळी दोघं तशीच समोरासमोर बसतात, पण आता सांगतात ते हे. दुर्बिणवाले, शंकेखोर, तिने वाचलेलं शब्दाला शब्द, तिच्याच चालीत. ती पुस्तकात बोट ठेवून ताडून बघते.

काल सांगता सांगता हे थांबले. "इथून पुढचं मला येत नाही. ते पान तू वाच."

"कुठलं पान?"

"दोन एकदम उलटलीस ते. कागद जाड वाजला होता."

धाकटी माझ्याकडे बघत राहिली. "मग तेव्हाच का नाही विचारलंस?"

"तू गाळलंस म्हणजे तसंच काहीतरी असणार. म्हटलं, जाऊ दे, परीक्षेत कशाला विचारतात." हे हसले. "वाच."

तिने वाचलं. त्यातला आंधळा, त्याचा चेंडू, त्याला आलेली दृष्टी, काही गाळलं नाही. विद्वानांचं 'नाही' ऐकून हे म्हणाले, "बघ. माझं बरोबर होतं." आणि आपला तळहात अंगठ्याने चोळत बसले.

ती पुढे वाचत राहिली. हळूहळू तिचा आवाज खाली आला. मग नुसते ओठ हलत होते, आणि मग तेही थांबले. डोळे मात्र ओळींवरून चालले होते. इतक्या वर्षांत मी तिला असं वाचताना पाहिलं नव्हतं. मी तिला हाक मारणार होते, पण ह्यांनी हाताने मला थांबवलं. कान तिच्याकडे लावून हे बसले होते, ती पान कधी उलटते त्याची वाट बघत.