वर काहीच नव्हतं

गाडीचं कॅरिअर तयार झालं की मिस्त्री स्वतः त्यावर उभा राहायचा. टपावर बसवलेल्या त्या लोखंडी सांगाड्यावर चढून दोन उड्या मारायचा, खाली गिऱ्हाइकाकडे बघायचा आणि विचारायचा, "हललं?" गिऱ्हाईक म्हणायचं, "नाही." एवढीच त्याची हमी. सव्वीस वर्षं.

दुकानात शिरलं की समोरच्या भिंतीवर फोटो होता. एक गाडी, टपावर कॅरिअर, कॅरिअरवर अकरा माणसं खांद्याला खांदा लावून उभी. मधोमध मिस्त्री, छाती काढून. अगदी टोकाला, एक पाय हवेत उचलून हसणारा, तो त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तेव्हा मेहुणा ड्रायव्हर होता. आता तो दुकानामागच्या पत्र्याखाली बसून कॅरिअरना काळा रंग मारायचा.

तो तिथे कसा आला हे गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. नऊ वर्षांपूर्वी त्याने जुनी फोर-बाय-फोर गाडी घेतली होती, जमिनी मोजायला डोंगरात जाणाऱ्या मोजणीदारांना नेण्या-आणण्यासाठी. मिस्त्रीने तिला फुकट कॅरिअर करून दिलं. घरचा माणूस म्हणून सगळ्यात जाड पाइप, तळाला सलग पत्रा, मागे शिडी. तिसऱ्याच आठवड्यात गाडी उलटली. मेहुणा सांगत होता : कुत्रं आडवं आलं, मी चाक फिरवलं, गाडी कलली ती कललीच. शेजारी बसलेल्या मोजणीदाराचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

"वेग किती?" लोक विचारायचे.

"चाळीस."

"रस्ता?"

"कोरडा. सपाट."

"टपावर सामान किती होतं?"

"वर काहीच नव्हतं."

या शेवटच्या वाक्याने त्याचा घात केला. रिकामी गाडी, कोरडा रस्ता, चाळीसचा वेग, मग उलटली कशी? उरली फक्त बाटली. तो कधीच पीत नव्हता असंही नाही, त्यामुळे लोकांना फार लांब जावं लागलं नाही. आणि पहिलं बोलला तो मिस्त्रीच. दुकानापुढे, भर गल्लीत, चार माणसांत : "गाडी नाही पडली, ड्रायव्हर पडला." लोक खो खो हसले. आठवडाभर ते वाक्य टायरवाल्यापासून भंगारवाल्यापर्यंत फिरत राहिलं, आणि मग ते कुणाचं आहे हे विसरून सगळ्यांचंच झालं.

मेहुण्याने गाडी विकली. मोजणीदाराच्या घरी जाऊन त्याच्या पायावर, उरलेल्या एका पायावर, डोकं ठेवून आला. बहिणीने त्याला घरात घेतलं, जेवायला घातलं, पण त्याच्या हातून साधा चमचा पडला तरी ती विचारायची, "शुद्धीत आहेस ना?" तो चमचा उचलायचा आणि धुवायला न्यायचा. स्कूटरची किल्ली ती पदराला बांधून ठेवायची.

एके दिवशी दुपारी जनावरांची डॉक्टर आली. चाळिशीची बाई, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, गाडी चिखलाने माखलेली. डोंगरावरच्या गोठ्यांत जायचं असायचं तिला, आणि घडीचं टेबल, दोन पिंजरे, दोरखंड आत मावत नव्हते. कॅरिअर निवडायला आली होती.

मिस्त्रीने तीन प्रकार दाखवले. चारी बाजूंनी कठडा असलेलं टोपलीसारखं, एक सपाट, आणि एक शिडीसकट.

"हे घ्या," त्याने टोपलीवर थाप मारली. "यात हत्ती ठेवलात तरी हलायचं नाही."

"हत्तीला मी त्याच्या घरी जाऊन तपासते," डॉक्टर म्हणाली. "याचं वजन किती?"

"शंभर किलो उचलेल, दोनशे उचलेल..."

"ते नाही. याचं स्वतःचं."

मिस्त्री हसला. "डॉक्टरबाई, कॅरिअर वजन उचलतं. त्याला कसलं वजन?"

ती हसली नाही. गाडीतून गाडीसोबत मिळालेलं पुस्तक घेऊन आली, पान दुमडून ठेवलेलंच होतं. "टपावर पंचाहत्तर किलो. कॅरिअर धरून. गाडी चालती असताना."

मिस्त्रीने पुस्तकाकडे पाहिलंसुद्धा नाही. फोटोकडे बोट केलं. "मोजा. अकरा माणसं आहेत. पत्रा दबला का कुठे?"

डॉक्टर फोटोजवळ गेली, चष्मा वर करून बराच वेळ पाहत राहिली. "ही गाडी उभी आहे, मिस्त्री. उभी गाडी म्हणजे ओटा. तिच्यावर कितीही बसा. चालती गाडी वळते, आणि वळताना टपावरचं ओझं तिला बाहेर ओढतं."

"मग आता काय करू?"

"वजन करू."

समोरच भंगारवाला. त्याच्याकडे जमिनीतला मोठा काटा होता. मिस्त्रीने मेहुण्याला हाक मारली. दोघांनी टोपली उचलली.

"रंग ओला आहे, दाजी," मेहुणा म्हणाला. "कडेला धरा."

रस्ता ओलांडताना भंगारवाला ओरडला, "काय मिस्त्री, कोरं करकरीतच मोडीत काढलं?"

"गप रे. काटा लाव."

काट्यावर टोपली टेकली. आकडे वर गेले, थोडे मागे आले आणि थांबले. चौऱ्याऐंशी.

"काटा खोटा आहे," मिस्त्री म्हणाला.

भंगारवाल्याला ते झोंबलं. "अहो, मी वजनावर माल विकत घेतो. खोटा काटा ठेवला तर तो कमी दाखवेल. जास्त दाखवून मी माझंच दिवाळं काढू?"

मिस्त्री स्वतः काट्यावर उभा राहिला. एकाहत्तर, नेहमीचेच. उतरला. टोपली पुन्हा ठेवली. चौऱ्याऐंशी. त्याने चारी बाजूंनी वाकून पाहिलं, खाली एखादा दगड, एखादी सळई अडकली आहे का. काही नव्हतं. त्याची वस्तू तेवढीच होती, जेवढी त्याने केली होती.

"म्हणजे अजून दोरीसुद्धा बांधली नाही," डॉक्टर म्हणाली, "आणि नऊ किलो जास्त झाले. रिकामं असतानाच."

मेहुणा टोपली उचलायला वाकला होता. त्याच्या काही लक्षात आलं नाही. तो म्हणाला, "दाजी, धरता ना?" मिस्त्रीने धरलं. रस्ता ओलांडला. टोपली दुकानात ठेवली. मेहुणा मागे पत्र्याखाली निघून गेला, आणि थोड्या वेळाने डब्याच्या काठावर ब्रश निथळवण्याचा आवाज येऊ लागला.

मिस्त्रीने खडू घेतला. दुकानाच्या जमिनीवर तो नेहमी मापं लिहायचा, तिथेच उकिडवा बसला. मेहुण्याच्या गाडीचं ते कॅरिअर त्याला आठवत होतं. हातांना आठवत होतं. जाड पाइप, फुटाला जवळपास किलोभर. एकशे दहा फूट. तळाचा पत्रा. शिडी. त्याने एकाखाली एक आकडे मांडले आणि बेरीज केली. दीडशे.

त्याने बेरीज पुन्हा केली, खालून वर. दीडशेच.

कानात वेल्डिंग सुरू असल्यासारखं काहीतरी चरचरत होतं, पण मशीन बंद होतं. समोरचा रस्ता, डॉक्टरचे बूट, दारापुढे थांबलेला एक सायकलवाला, सगळं जागच्या जागी होतं आणि कशाशीच त्याचा संबंध नव्हता.

"डॉक्टरबाई," तो मान वर न करता म्हणाला, "समजा गाडी आहे. वर सामान नाही. नुसतं कॅरिअर. दीडशे किलोचं. चाळीसच्या वेगात कुत्रं आलं म्हणून चाक एकदम फिरवलं तर?"

"तर उलटू शकते."

"ड्रायव्हर शुद्धीत असला तरी?"

"गाडीला काय माहीत कोण शुद्धीत आहे?" मग तिचा आवाज बदलला. "मी तिथे नव्हते, मिस्त्री. खात्रीने नाही सांगता येणार. पण हो. एवढं पुरेल."

खडूचे आकडे त्याच्या चपलेपासून वीतभर अंतरावर होते. पाय फिरवला असता तर पुसले गेले असते. कोणता पाइप किती फूट वापरला हे त्याच्याशिवाय जगात कुणाला माहीत नव्हतं. ती गाडी कधीच मोडीत गेली होती. डॉक्टरला मेहुण्याचं काही ठाऊक नव्हतं. पाय जागचा हलला खरा. पण त्याने तो उचलून मागे घेतला, जणू खाली विस्तव होता.

"तुम्हाला दोन आडवे दांडे पुरेत," तो डॉक्टरला म्हणाला. "हलके, अ‍ॅल्युमिनियमचे. माझ्याकडे नाहीत. दुसरीकडून घ्या."

"आणि तुमची बाकीची, गाड्यांवर फिरणारी?"

"सगळ्यांना बोलावून उतरवतो. आधी एक काम आहे."

त्याने जिन्याकडे तोंड करून बायकोला हाक मारली. ती ओल्या हातांनी अर्धा जिना उतरून आली. "काय हो? एवढं ओरडायला काय झालं?" तो काही न बोलता मागच्या दाराशी गेला. मेहुणा सपाट कॅरिअरच्या कडेवरून ब्रश ओढत होता.

"तुझ्या गाडीवर दीडशे किलो होते," मिस्त्री म्हणाला.

"माझ्या गाडीवर काहीच नव्हतं." ब्रश चालूच होता. ते वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलं होतं की तोंड आपोआप म्हणायचं.

"होतं. माझं कॅरिअर होतं."

ब्रश थांबला.

"म्हणजे काय?" जिन्यावरून बायकोने विचारलं. "नीट सांगा ना."

"म्हणजे गाडी माझ्या लोखंडानं उलटली. हा प्यायला नव्हता."

ती पायरीवर बसली. "मग आपण याला नऊ वर्षं..." ती भावाकडे पाहत राहिली, आणि तो तिच्याकडे पाहत नव्हता.

मेहुणा उठला. तो चिडला नव्हता, आणि मिस्त्रीला त्याचीच जास्त भीती वाटली. आत येऊन त्याने जमिनीवरचे आकडे वाचले, बोटाने एकेक, शाळेतल्या मुलासारखे. बेरजेपाशी बोट थांबलं.

"पाय गेला त्यांचा," तो म्हणाला. "मी देवाची शपथ घेऊन सांगितलं होतं त्यांना, वर काही नव्हतं."

"माझं चुकलं," मिस्त्री म्हणाला. "मी त्यांच्याकडे जातो. तुझ्यासोबत येतो."

"ते नंतर. आधी गल्लीत सांगा."

"सांगतो ना. उद्या सकाळी सगळे..."

"आत्ता. तेव्हा तुम्ही गल्लीतच बोलला होतात."

मिस्त्री दारात आला. उन्हात गल्ली पसरली होती. भंगारवाला खुर्चीवर, टायरवाला चाकाशी वाकलेला, डॉक्टर गाडीचं दार उघडून तशीच उभी. मेहुणा त्याच्या मागे, एवढा जवळ की ओल्या रंगाचा वास येत होता. मिस्त्रीने तोंड उघडलं. त्याने सगळं वाक्य म्हटलं : गाडी माझ्यामुळे पडली, हा प्यायला नव्हता, मी खोटं बोललो.

टायरवाल्याचा कॉम्प्रेसर धडधडत होता. भंगारवाल्याने कानामागे हात धरला. "काय म्हणताय?"

"पुन्हा म्हणा, दाजी," मेहुणा मागून म्हणाला. "घाई नाही. ते बंद होऊ द्या, मग म्हणा."

मिस्त्री उभा राहिला. भंगारवाला खुर्चीवरून उठून रस्त्याच्या मध्यापर्यंत आला. टायरवाल्याने मान वर केली, दोघांकडे पाहिलं, आणि कॉम्प्रेसरच्या बटणाकडे हात नेला.