शोकाकुल यादीतून गळालेलं नाव

“वारली ती,” अण्णा शेटे म्हणाले आणि त्यांनी बिस्किट चहात बुडवलं.

“कधी?”

“लहानपनीच.”

माझ्या टेबलावर त्यांच्या वडिलांच्या प्रथम पुण्यस्मरणाच्या जाहिरातीची झेरॉक्स होती. खाली ‘शोकाकुल’ म्हणून दोन मुलांची नावं, आणि तिसरं नाव ‘कु. लता (कन्या)’. लहानपणी वारलेली मुलगी वडिलांच्या पश्चात शोकाकुल कशी झाली, असं मी विचारलं.

“मग मोठेपनी वारली आसंल,” अण्णा म्हणाले. बिस्किट कपात पडलं.

मी वकील. चिंचवडला ऑफिस आहे. माझं काम टायटल सर्चचं, म्हणजे जमीन विकणाऱ्याला ती विकायचा हक्क आहे का, हे कागदांवरून तपासायचं. यात कोर्टात गर्जना नसते, सर्दी असते. जुन्या कागदांच्या धुळीने मला बारा महिने सर्दी असते.

चाकणला हायवेलगतचा शेट्यांचा प्लॉट मोटारीचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी घेत होती. प्लॉट घेतला होता अण्णांच्या वडिलांनी, गणपतशेट यांनी. ते भुसार मालाचे व्यापारी, म्हणजे धान्य-कडधान्यांचे. त्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. त्यामुळे बायको आधीच गेलेली असताना सगळ्या मुलांचा सारखा वाटा. मुलींचाही. उताऱ्यावर मात्र फक्त अण्णा आणि धाकटा भाऊ धनंजय. वारसांची नोंद करताना बहिणींची नावं ‘राहून जातात’. भावाचं नाव राहून गेल्याची एकही केस मी पाहिलेली नाही.

कंपनीचे लीगल मॅनेजर घाईत होते. “मॅडम, शुक्रवारी बोर्ड मीटिंग आहे. रिपोर्ट क्लीन द्या.”

“क्लीन असेल तर क्लीन देईन.”

“तसं नका बोलू हो.”

जुन्या नोंदींची पानं वाळवीने खाल्ली होती. म्हणून मी एका स्थानिक साप्ताहिकाचे जुने अंक चाळायला गेले. ऑफिस गावठाणात, एका जिन्याखाली. संपादक सत्तरीचे, अंगात बनियन, नाकावर चष्मा.

“बातम्या वाचू नका,” ते म्हणाले. “बातम्या आम्ही अंदाजाने लिहायचो. जाहिराती वाचा. त्या लोकांनी स्वतः तपासून दिलेल्या असतात.”

तीन दिवस मी शेटे घराणं जाहिरातींतून वाचलं. आजोबांनी दुकान काढलं तेव्हा ‘चोख माल, गोड बोल’. गणपतशेटनी दुकान हायवेलगतच्या याच प्लॉटवर हलवलं तेव्हा चौकट. दर दिवाळीला शुभेच्छा. एका जूनमध्ये चक्क अर्धं पान: ‘आमची कन्या कु. लता दहावीला केंद्रात पहिली’, फोटोसह. मुलगे पास झाल्याची जाहिरात कुठे सापडली नाही. त्यांचे निकाल बहुधा जाहिरातीयोग्य नसावेत.

मग गणपतशेट गेले. पहिल्या वर्षीच्या यादीत लता होती. दुसऱ्या वर्षी नव्हती. तिसऱ्या वर्षी जाहिरात मोठी झाली, त्यात पुढाऱ्यांचे फोटो आले, लता नव्हती. त्यानंतरच्या अंकांत दुकान बंद झाल्याचं निवेदन: ‘गोडाऊन भाड्याने देणे आहे’.

इथपर्यंतचं घेऊन मी अण्णांना बोलावलं होतं आणि ते बिस्किट बुडालं होतं.

“मृत्यूचा दाखला आणा,” मी म्हणाले.

“सापडंना बगा.”

शेजारी बसलेला धनंजय एवढा वेळ पंख्याकडे बघत होता. अण्णा फोन घ्यायला बाहेर गेले, तसा तो हळूच म्हणाला, “मॅडम, वारली न्हाई ती. लगीन केलं तिनं. इथं एका कंपनीत कामाला आलेल्या लातूरच्या पोराशी. अण्णा म्हनला, आपल्यासाठी मेली.”

“कुठे असते?”

“ठाऊक न्हाई. इचारायची सोय न्हवती.”

त्याचे डोळे भरले होते. मला राग यायला हवा होता, पण नाकातून शिंक आली.

पुन्हा जिन्याखाली गेले. या वेळी अलीकडचे अंक काढले. एका संक्रांतीच्या अंकात सापडलं: ‘लता भुसार भांडार, थेरगाव. चाकणच्या शेटे घराण्याची तीन पिढ्यांची परंपरा. प्रो. सौ. लता सूर्यवंशी.’

भावांनी दुकान बंद करून भाडं खायला सुरुवात केली होती. घराण्याचा धंदा मेलेली बहीण चालवत होती.

डांगे चौकाच्या अलीकडे दुकान. पन्नाशीची बाई गिऱ्हाइकाला तूरडाळ दाखवत होती. “ही घ्या, शिजते पटकन. ती दिसायला चांगली, पण नुसती दिसायलाच.” गिऱ्हाईक गेल्यावर मी ओळख दिली, सगळं सांगितलं.

“मी वारले? काय झालं होतं मला?”

“ते त्यांनी ठरवलेलं नाही अजून.”

ती इतकी हसली की आतून नवरा बघायला आला. मग पदराने काउंटर पुसत राहिली. तो स्वच्छच होता.

“दर वर्षी मी तो अंक घ्यायचे, ताई,” ती म्हणाली. “बाबांच्या जाहिरातीत नाव येतंय का बघायला.”

शुक्रवारी बोर्डापुढे माझा रिपोर्ट गेला: एक वारस राहिली आहे, तिच्या सहीशिवाय व्यवहार करू नये. लीगल मॅनेजरने फोनवर मला जे सुनावलं ते छापण्यासारखं नाही. सोमवारी अण्णा हक्कसोडपत्र घेऊन आले, म्हणजे बहिणीने वाटा सोडल्याचा कागद. तिची सही तेवढी बाकी होती. मी बोलावल्यावरून लताही आली होती.

अण्णा उभेच राहिले. “बरी हायेस का?”

“बरी आहे. सही नाही करणार.”

“मग काय पायजे तुला?”

“हायवेच्या बाजूची दुकानाची जागा. बाबा बसायचे ती. बाकी तुम्ही विका.”

“लता, त्याच्यावर तर नकाशात कंपनीचं गेट हाय!”

“गेट सरकवा म्हणावं.”

धनंजय म्हणाला, “माजी हरकत न्हाई.” अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू आता तोही वारला.

गेट सरकलं. नकाशा बदलला, व्यवहार दोन महिने लांबला आणि कंपनीने मला पुन्हा काम दिलं नाही. जुन्या जागेवर लताने दुसरी शाखा काढली. उद्घाटनाला धनंजय आला होता, अण्णा नव्हते.

तेव्हापासून माझ्या फॉर्ममध्ये ‘वारस किती?’ याच्या खाली ‘बहिणी किती?’ असा वेगळा रकाना आहे. बरेच क्लायंट तो वाचून विचारतात, “याची काय गरज?” ज्यांनी असं विचारलं, त्यांच्या फाइली मी आधी उघडते.