मायच्या मापाच्या बांगड्या

तांडापेठेत पोरगं जेवायला कांकूं करायला लागलं की त्याची माय म्हणायची, "खातू का बोलावू रुखमाबुढीले?" लगेच पोरगं वरणभाताचा गोळा न चावता गिळून टाकायचं. रुखमाबाई बिचारी कोणाला कधी अर्ध्या शब्दानं बोलली नाही. पण तिचे हात! बोटं सगळी करंगळीच्या बाजूला कललेली, कोणी न दिसणारं तिकडून ओढत बसल्यासारखी. मनगटावर लिंबाएवढ्या गाठी. सकाळी उठली की हात मांडीवर ठेवायची आणि दुसऱ्याच कोणाचे असल्यासारखी त्यांच्याकडे पाहत राहायची.

घर कोष्ट्याचं. नवरा मागावर बसायचा आणि रुखमाबाई रहाट फिरवून त्याच्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. पस्तिशी ओलांडली न ओलांडली तोच हात धरायला लागले. तिच्या मायचेही असेच झाले होते, आणि तिच्या मायच्या मावशीचेही. आळीनं हिशेब लावून टाकला होता की त्या घरात पिढीला एकीचे हात जातात, दुसरी सुटते. आळीला काय, दुसऱ्याच्या घरचा हिशेब लगेच जुळतो.

आता रुखमाबाईला लेकी दोन. थोरली गोपिका आणि धाकटी अनुसया. म्हणजे दोघींपैकी एक. दोघी बहिणी एका ताटात जेवायच्या आणि चोरून एकमेकींच्या बोटांकडे पाहायच्या.

गोपिका अंगानं धडधाकट, मनानं सशासारखी. अनुसया काडीसारखी, पण तोंड असं की कावळेही उडून जातील. आणि अनुसयाला बिडी लागत होती. अगदी राजरोस नाही, पण परसात, भिंतीला पाठ लावून. ती लागली कशी, ते आळीतल्या सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. रुखमाबाईला बिडीची सवय होती. बोटांनी बिडी धरता येईना, काडी ओढता येईना, तेव्हा कोणीतरी चुलीतला निखारा लावून, एक झुरका ओढून, पेटलेली बिडी तिच्या ओठांत द्यायची. ते काम अनुसयाकडं, परकर नेसायची तेव्हापासून.

रुखमाबाई गेली ती भर वैशाखात, दुपारी. शेजारी तुळजाबाईच्या घरचं लग्न होतं, सगळी आळी मांडवात. मायजवळ गोपिका एकटीच. बुढीनं मानेनं खूण केली, बिडी. अनुसया घरात नाही. गोपिकेनं नाइलाजानं निखारा आणला आणि जन्मात पहिल्यांदा बिडी आपल्या ओठांकडे नेली.

तेवढ्यात मायनं तिचं मनगट धरलं.

ज्या हाताला कैक वर्षांत पदर धरता आला नव्हता, पाण्याचा लोटा धरता आला नव्हता, त्या हातानं. आणि असं धरलं की बिडी खाली पडली. "माय, सोड ना वं," गोपिका म्हणाली. बुढी नुसती तिच्याकडे पाहत होती. मग पाहायची थांबली. हात मात्र सुटला नाही.

बाया मांडवातून आल्या तेव्हा गोपिका तशीच बसलेली. बाहेर बँड वाजून राहिला होता. तुळजाबाईनं एकेक बोट उकलून तिचं मनगट सोडवलं. करंगळीपासून सुरुवात केली. आणि सगळ्यांच्या मनात होतं ते बोलून मोकळी झाली, "जाता जाता हिलेच आपले हात देऊन गेली वं बुढी."

झालं. त्या दिवसापासून गोपिका वाट पाहायला लागली.

रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी गोधडीतल्या गोधडीत ती सुताचा एक तुकडा घ्यायची आणि कोष्टी तुटलेला धागा सांधतात तशी बारीक गाठ मारून पाहायची. गाठ बसली की आजचा दिवस आपला. तिचा नवरा जागेश्वर माग विकून कोराडीच्या वीजघरात लागला होता, पहिल्या बसला जायचा. तो डबा घेता घेता चिडवायचा,

"सकाळीच कोणाले बांधून राहिली वं?"

"तुमालेच जी. सुटून जासान तं?"

हसायची, पण गाठ मारल्याशिवाय उठायची नाही. तिला दोन्ही पोट्टे झाले तेव्हा सासूनं पेढे वाटले, आणि गोपिकेनं मनातल्या मनात, की पोट्टी नाही झाली, हात पुढं कोणाला द्यायचे नाहीत. अनुसयाला तारा झाली, तर ही बाळंतिणीच्या खोलीत गेली खरी, पण भाचीला मांडीवर घेतलं नाही. पाठीमागं हात बांधून उभी राहिली, हवालदारासारखी.

अनुसया कशाला सोडते! "घेनं वं तिले. नाई चिकटत तुहे हात. मायची वाटनी बरोबर झाली न, तुले हात देल्ले, मले बिड्या."

अशी वर्षं गेली. गोपिकेच्या गाठी बसत राहिल्या.

मग एका श्रावणात गोदूबाई कासारीण टोपली घेऊन अनुसयाच्या ओसरीवर आली. गोदूबाईनं या आळीतल्या तीन पिढ्यांचे हात दाबले होते. बांगडी चढवायची म्हणजे पंजा आवळावा लागतो, बोटांच्या मुळाशी, चारही हाडं एकावर एक. गोपिकेनं डोळे मिटून हात पुढं केला. हिरव्या बांगड्या सर्रकन मनगटावर गेल्या.

"लोण्यावानी हात हाये तुहा," गोदूबाई म्हणाली. "चाल, अनुसये."

अनुसया बडबडतच बसली. "हळू दाब वं बाई, पोळ्याचा बैल नाई मी." गोदूबाईनं पंजा आवळला आणि अनुसया किंचाळली. असं तसं नाही. ओसरीवरची कबुतरं उडाली. गोदूबाईनं दुसरं माप काढलं. पुन्हा तेच. मग तिनं टोपलीच्या अगदी तळाशी हात घालून, कागदात गुंडाळलेल्या जुन्या मोठ्या बांगड्या काढल्या. त्या मात्र गेल्या.

"या कोनासाठी ठेवल्या व्हत्या?" अनुसयानं विचारलं.

"रुखमाबाईसाठी." गोदूबाई टोपली आवरायला लागली. "तुले मायचंच माप आलं, बाई."

आणि गोपिकेला हसू आलं. खरं सांगायचं तर हसू आलं! सुटले, सुटले, असं काहीतरी पोटातून वर आलं. तिनं पदर तोंडाला लावला. गोदूबाईनं पाहिलं ते, आणि टोपली उचलून निघून गेली. त्या रात्री गोपिका कधी नाही ती मेल्यासारखी झोपली, आणि सकाळी गाठ मारायची विसरली.

दिवाळीपर्यंत अनुसयाला ताराची वेणी घालता येईना. गोपिकाच तिला घेऊन मोठ्या सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चष्म्याच्या. अनुसयाची बोटं त्यांनी एकेक करून पाहिली.

"घरात अजून कोणाला होतं?"

"मायले. आजीले. आजीच्या मावशीले."

"विडी, तंबाखू?"

अनुसया छताच्या पंख्याकडे पाहायला लागली.

"ओढते ते," गोपिका म्हणाली.

"चुगलखोर!"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "हा संधिवात घराण्यातून येऊ शकतो, पण घराण्यातल्या सगळ्यांना होतोच असं नाही. बायकांना जास्त होतो. आणि अलीकडे असं दिसायला लागलंय, की विडी ओढणाऱ्यांना तो जास्त गाठतो. अजून सगळं पक्कं कळलेलं नाही. पण विडी सोडाच."

"काहून जी, मानसं दिवसभर बिड्या फुकते, त्याहिचे हात काय सोन्याचे हायेत?"

"त्यांनाही होतो."

गोपिका पुढं सरकली. "आमच्यात एकीलेच होते म्हनतात. हिले झालं, म्हनजे मी..."

"असा नियम नाही, बाई. एकीला झालं म्हणून दुसरी सुटली, असं नसतं. तुम्हाला होईल की नाही, मला सांगता येणार नाही."

रिक्षात अनुसयाचं तोंड चालूच होतं. "एवढ्या मोठ्या दवाखान्यात जाऊन बिडीवरच आली वं बाई. हे तं माहा नवरा फुकटात सांगते." गोपिकेला मात्र बापाचा माग दिसून राहिला होता. ताण्याचा उभा धागा तर मायनं दोघींवर एकच चढवला. त्यावर आडवा धागा कोणी टाकला? चुलीपुढं उकिडवी बसलेली लहानगी अनुसया तिला दिसली, गाल आत ओढून बिडी पेटवताना. ते काम मायनं आधी थोरलीलाच सांगितलं होतं. "मले खोकला येते, तू जाय," म्हणून गोपिकेनंच गुळाचा खडा देऊन तिच्यावर ढकललं होतं. खोकला कसला! मायचे ते हात जवळून पाहायचं भ्या वाटायचं.

पूस महिन्याच्या थंडीत एका सकाळी गोपिका औषधाच्या गोळ्या घेऊन बहिणीकडे गेली. आळीत धुकं असं की स्वतःचे पाय दिसेनात. अनुसया चुलीजवळ बसलेली, हात मांडीवर. त्यांच्याकडे पाहत होती. दुसऱ्याच कोणाचे असल्यासारखी.

"सोडली न बिडी?" गोपिकेनं दारातूनच विचारलं.

"सोडली म्हनजे, धरता कुठं येते आता?" अनुसया म्हणाली.

चुलीपुढं तारा उकिडवी बसली होती. एका हातात चिमटा, चिमट्यात निखारा. दुसऱ्या हातानं बिडी ओठांकडे नेत होती. डोळे आधीच धुरासाठी बारीक केलेले. सवयीची होती पोट्टी.

गोपिकेनं जिला जन्मात हात लावला नव्हता, तिचं मनगट धरलं. बिडी खाली पडली.

"मावशी, सोड ना वं. दुखते."

गोपिका नुसती तिच्याकडे पाहत होती. चूल तडतडत होती. अनुसयानं आधी बहिणीचा चेहरा पाहिला, मग ती पकड पाहिली, आणि तिचं हसरं तोंड हळूहळू मिटलं.

"गोपे," ती खालच्या आवाजात म्हणाली, "मायनं असंच धरलं व्हतं का तुले?"

"हाव."

"तुह्या तोंडात बिडी गेली व्हती?"

"जातच व्हती."

अनुसया उठली. मग तिनं कोनाड्यातला बिड्यांचा कट्टा घेतला. बोटांनी धरता येईना म्हणून दोन्ही तळव्यांत दाबला, आणि चुलीत टाकला. जाळ एकदम वर आला. त्या उजेडात तिघींच्या हातांच्या सावल्या भिंतीवर पडल्या, तर त्यातली कोणाची कोणती, ते ओळखू येईना.

"सोड आता तिले," अनुसया म्हणाली. "झालं तुहं काम."

गोपिकेनं मान हलवली. सोडायचंच होतं तिला. पण बोटं उघडेनात. ताराच मग एकेक बोट उकलायला लागली, करंगळीपासून.

थंडी फार होती त्या सकाळी. त्यानंही असेल.